आठ सामने आणि अठरा वर्षांचा मुका मार

भडक गुलाबी रंगाचं हेल्मेट घालून ती मैदानात उतरायची. त्यामागे हौस नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या आईची दृष्टी अधू होती. दोन्ही संघांच्या मिळून बत्तीस जणींच्या धावपळीत आपली लेक कोणती, हे आईला लांबून ओळखता यावं, एवढ्यासाठी तो रंग.

हीदर अँडरसन तिचं नाव. मूळची ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेराची. नोकरीने सैन्यातली वैद्यकीय साहाय्यक आणि खेळाने ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलपटू. २०१७ मध्ये या खेळाची महिलांसाठीची पहिली व्यावसायिक राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आठ संघ होते. त्यातल्या अ‍ॅडलेड क्रोज संघात हीदर होती. सात साखळी सामने आणि एक अंतिम सामना, एवढाच तो मोसम. हीदर आठही सामने खेळली. २५ मार्च २०१७ रोजी अंतिम सामन्यात अ‍ॅडलेडने ब्रिस्बेनला सहा गुणांनी हरवलं आणि पहिलं विजेतेपद मिळवलं. त्याच सामन्यात हीदरचा खांदा दुखावला आणि तिची व्यावसायिक कारकीर्द तिथेच थांबली. विक्रमांच्या वहीत तिच्या नावापुढे आज ‘८ सामने’ अशी नोंद आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हीदरचा मृत्यू झाला. तिच्या कुटुंबानं तिचा मेंदू सिडनीतल्या ‘ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स ब्रेन बँके’ला दिला. जुलै २०२३ मध्ये तपासणीचा निष्कर्ष जाहीर झाला आणि ऑस्ट्रेलियातच नव्हे, तर जगभरच्या क्रीडावैद्यकात खळबळ उडाली. हीदरला ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’ हा मेंदूचा आजार झालेला होता. थोडक्यात त्याला ‘सीटीई’ म्हणतात. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला गेलेला, मेंदू हळूहळू पोखरत नेणारा हा आजार. मुष्टियोद्धे, अमेरिकन फुटबॉलपटू, रग्बीपटू असे शेकडो पुरुष या यादीत आधीपासून होते. व्यावसायिक महिला खेळाडूमध्ये मात्र तो पहिल्यांदाच सापडला होता. तपासणी करणारे न्यूरोपॅथॉलॉजिस्ट मायकल बकलंड यांना तिच्या मेंदूत जे दिसलं, ते त्यांनी पूर्वी तपासलेल्या पुरुष खेळाडूंच्या मेंदूंपेक्षा काही वेगळं नव्हतं.

बातमी वाचणाऱ्या बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न एकच आला. आठ सामन्यांत असं कसं झालं?

उत्तर सोपं आहे, पण अस्वस्थ करणारं आहे. ते आठ सामन्यांत झालंच नाही. हीदर पाच वर्षांची असल्यापासून खेळत होती. रग्बी लीग आणि फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्सचं तिकडचं लाडकं नाव) असे दोन्ही खेळ. शाळा, क्लब, स्थानिक स्पर्धा आणि सगळ्यात शेवटी तो एक व्यावसायिक मोसम. हिशेब केला तर अंगावर धडका घेण्याची तिची वर्षं होतात अठरा. या काळात मेंदूला हादरा बसल्याचं, म्हणजे कन्कशनचं, डॉक्टरी निदान एकदाच झालं होतं. आणखी चार वेळा तसा संशय होता, पण निदान झालं नव्हतं. खेळाडूची कारकीर्द आपण सामने, गुण आणि पदकांत मोजतो. मेंदूचा हिशेब वेगळा असतो. गल्लीतला सराव आणि राष्ट्रीय अंतिम सामना यांत तो फरक करत नाही.

या खेळात डोक्याला मार कसा बसतो, हे समजून घ्यायला खेळाची थोडी ओळख हवी. नावात फुटबॉल असलं तरी आपल्या ओळखीच्या फुटबॉलशी त्याचं नातं लांबचंच. मैदान लंबगोल, कारण हा खेळ वाढला तो क्रिकेटच्या मैदानांवर. टॉम विल्स हा क्रिकेटपटू आणि त्याच्या साथीदारांनी १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये याचे पहिले नियम लिहिले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग सुटू नये, हाही त्यामागचा एक विचार होता. ज्या ‘एमसीजी’वर आपण बॉक्सिंग डे कसोटी पाहतो, त्याच मैदानावर सप्टेंबरच्या अखेरीस फूटीचा अंतिम सामना होतो आणि लाखभर लोक तो पाहायला जमतात.

पुरुषांच्या सामन्यात एका बाजूला अठरा खेळाडू, महिलांच्या सामन्यात सोळा. लांबट चेंडू लाथेनं मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसून साथीदाराकडे द्यायचा. फेकायला बंदी. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर कुठेही पकडून पाडता येतं. लाथेनं उंच मारलेला चेंडू हवेत झेलला की ‘मार्क’ मिळतो आणि निवांत किक मारता येते. हा झेल घेण्यासाठी खेळाडू पुढच्याच्या पाठीवर, खांद्यावर गुडघा टेकवून उडी मारतात. छायाचित्रात हे दृश्य विलक्षण सुंदर दिसतं. ज्याच्या डोक्यामागे तो गुडघा येतो, त्याच्यासाठी मात्र ते तितकंसं सुंदर नसतं.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. या खेळात ऑफसाइड नाही. रग्बीत दोन संघ साधारणपणे समोरासमोर असतात, त्यामुळे धक्का कुठून येणार याचा अंदाज असतो. इथे खेळाडू मैदानभर मिसळलेले असतात. चेंडूवर नजर खिळवून पळणाऱ्याला मागून, बाजूनं, कुठूनही धडक बसू शकते. धडक येणार हे ठाऊक असेल तर माणूस मान ताठ करतो, अंग आवळून घेतो. ठाऊक नसेल तर मान सैल राहते आणि डोकं गर्रकन फिरतं. अंगावर चिलखतासारखं काही नसतं. बिनबाह्यांचा जर्सी, अर्धी चड्डी आणि तोंडात दातांचं रक्षण करणारा माउथगार्ड, एवढंच.

मग हीदरच्या हेल्मेटचं काय? ते होतं मऊ, फोमचं. त्यानं खरचटणं, कान फाटणं, टाळूला जखम होणं टळतं. क्रिकेटचं किंवा मोटारसायकलचं टणक हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. म्हणूनच ते घालायलाच हवं, यात दुमत नाही. पण कन्कशन कवटीला होत नाही, ते कवटीच्या आतल्या मेंदूला होतं.

माणसाचा मेंदू साधारण तेराशे ते चौदाशे ग्रॅमचा, ताज्या खरवसासारखा मऊ. कवटीच्या टणक डब्यात, पातळ द्रवात तो तरंगत असतो. डबा वेगात जाता जाता अचानक थांबला तर आतला खरवस पुढे जातो, आपटतो, मागे येतो. डबा गर्रकन फिरवला तर त्याहून वाईट. बाहेरचा थर फिरतो, आतला भाग मागे राहतो आणि मध्ये ताण पडतो. मेंदूत नेमक्या त्या ताणाच्या जागी लांबच लांब चेतातंतू असतात. डब्याला बाहेरून फोमचं आवरण घातलं तर डब्याला पोचा पडणार नाही. आतल्या खरवसाचं हलणं त्यानं फारसं थांबत नाही. डोक्याला धडक न बसताही, नुसता छातीवर जोरदार धक्का बसून मानेला हिसका बसला, तरी कन्कशन होऊ शकतं, ते यामुळेच.

चेतातंतूच्या आत सूक्ष्मनलिका असतात. पेशीला लागणारी रसद त्यांच्यावरून ये-जा करते. आगगाडीचे रूळच म्हणा ना. या रुळांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या स्लीपरचं काम ‘टाऊ’ नावाचं प्रथिन करतं. तंतू ताणला गेला की रूळ विस्कटतात आणि टाऊ सुटं होतं. बहुतेक वेळा शरीर ही मोडतोड दुरुस्त करतं. पण मार पुन्हा पुन्हा बसत राहिला तर सुटं झालेलं टाऊ बिघडतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या पेशींमध्ये साचत जातात. अल्झायमरमध्येही टाऊच्या गुठळ्या असतात, पण सीटीईमध्ये त्यांची जागा ठरलेली असते. मेंदूच्या घड्यांच्या अगदी तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती त्या सापडतात. धक्का बसल्यावर सर्वाधिक ताण नेमका याच घड्यांच्या तळाशी पडतो, असं गणिती प्रतिरूपांतून दिसतं. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ही खूण दिसली की तज्ज्ञ ती ओळखतात. अडचण अशी की त्यासाठी मेंदूचे काप घ्यावे लागतात, म्हणजे माणूस मेल्यावरच निदान होतं. जिवंत माणसात सीटीईचं पक्कं निदान करणारी एमआरआय किंवा रक्ताची चाचणी अजून तरी उपलब्ध नाही.

इथेच तो महत्त्वाचा मुद्दा येतो. सीटीईचा सर्वांत घट्ट संबंध आढळतो तो एकूण किती वर्षं मार खाल्ला याच्याशी. किती वेळा कन्कशन झालं, याच्याशी तो तितका घट्ट नाही. ज्या धक्क्यानंतर चक्कर आली नाही, डोकं दुखलं नाही, खेळाडू उठून पळू लागला, असे हजारो धक्के या हिशेबात जमा होतात. मराठीत या माराला नेमका शब्द आहे. रक्त नाही, जखम नाही, सूजही नाही. मुका मार.

वैद्यकाला या माराची ओळख नवी नाही. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूजर्सीचे हॅरिसन मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचं आणि बरळण्याचं वर्णन केलं. ठोसे खाऊन खाऊन दारू प्यायल्यासारखे झालेले, असं त्यांना म्हटलं जाई. पुढची कित्येक दशकं हा ‘बॉक्सरांचा आजार’ मानला गेला. २००२ मध्ये पिट्सबर्गमध्ये बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या अमेरिकन फुटबॉलपटूचा मेंदू तपासला आणि या समजाला तडा गेला. या इतिहासात एक नोंद मात्र बहुतेक जण विसरतात. १९९० मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका स्त्रीच्या मेंदूत हाच आजार सापडल्याचं छापून आलं होतं. ती खेळाडू नव्हती. घरात वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाल्लेली बाई होती ती. तिच्या नोंदीनं कुठे खळबळ उडाली नाही.

फूटीच्या दुनियेत ही गोष्ट पोहोचली ती २०२० मध्ये, आणि ती पोहोचली एका दंतकथेमार्फत. ग्रॅहम फार्मर हे पर्थचे, आदिवासी नूंगार समाजातले. लहानपणी पोपटासारखी बडबड करायचे म्हणून नाव पडलं ‘पॉली’, ते जन्मभर राहिलं. मुठीनं चेंडू देण्याची कला त्यांनी अशी काही विकसित केली की खेळाची शैलीच बदलली. मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार घालवण्याचा ते सराव करत. ईस्ट पर्थ, जीलाँग, वेस्ट पर्थ या तीन क्लबांकडून मिळून ३५६ सामने. पर्थमधल्या एका द्रुतगती मार्गाला त्यांचं नाव आहे. पण उतारवयात त्यांना त्या मार्गाचीच काय, स्वतःच्या सामन्यांचीही ओळख उरली नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी ते गेले. त्यांच्या मेंदूत सीटीई सापडलं, आणि सर्वोच्च पातळीवरच्या फूटीपटूत तो पहिल्यांदा सापडल्याचं फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झालं.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा स्मृतिभ्रंश एक वेळ वयावर ढकलता येतो. पुढची दोन नावं तशी ढकलता येईनात. डॅनी फ्रॉली हा बॅलरॅटजवळच्या बटाटा पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, म्हणून टोपणनाव ‘स्पड’, म्हणजे बटाटा. सेंट किल्डा क्लबकडून २४० सामने, नऊ वर्षं कर्णधार, पुढे प्रशिक्षक, मग लोकप्रिय समालोचक. नैराश्याशी आपण झगडतो आहोत, हे त्यानं उघडपणे सांगितलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये, ५६व्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्याच्याही मेंदूत सीटीई होता, सुरुवातीच्या टप्प्यातला. मुंबईत पूर्वी असायचे तसे मृत्यूची चौकशी करणारे कॉरोनर ऑस्ट्रेलियात आजही आहेत. फ्रॉलीच्या नैराश्यात सीटीईचा वाटा असू शकतो, पण तो नेमका किती हे सांगता येत नाही, असं तिथल्या कॉरोनरनं नोंदवलं. खेळाडूंना आणि त्यांच्या कुटुंबांना मेंदूदानासाठी प्रोत्साहन द्या, अशी शिफारसही केली.

त्यानंतर शेन टक. वडील मायकल टक हे हॉथॉर्न क्लबचे महान खेळाडू, ४२६ सामने आणि सात विजेतेपदं. मुलगा रिचमंडकडून १७३ सामने खेळला. निवृत्तीनंतर काही काळ बॉक्सिंगही केलं. जुलै २०२० मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी त्यानं आयुष्य संपवलं. मागे पत्नी आणि दोन लहान मुलं. त्याच्या मेंदूतला सीटीई तीव्र स्वरूपाचा होता. या वयात इतकी हानी तपासणाऱ्यांनीही क्वचितच पाहिली होती. घरात जवळपास दुप्पट-अडीचपट सामने खेळलेले वडील, आणि आजार मात्र मुलाला. सगळ्यांना सारखा मार बसूनही सगळ्यांचा मेंदू सारखा का बिघडत नाही, हे कोडं शास्त्रज्ञांना अजून सुटलेलं नाही. आनुवंशिकता, पहिला मार कोणत्या वयात बसला, दोन धक्क्यांमधली विश्रांती, अशी कितीतरी कारणं तपासली जात आहेत.

या नावांमुळे एक गैरसमज होऊ शकतो, तो इथेच दूर करायला हवा. फूटी खेळणाऱ्या प्रत्येकाला सीटीई होतो, असं कोणी म्हणत नाही. ब्रेन बँकेनं २०२२ मध्ये पहिल्या २१ मेंदूंचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात १२ मेंदूंत सीटीई होता. आकडा भीतिदायक आहे खरा, पण हे मेंदू कुठून आले ते पाहा. ज्यांना शेवटच्या वर्षांत काहीतरी बिनसल्याचं जाणवत होतं, त्यांच्याच घरच्यांनी बहुतेकदा दान केलं. ठणठणीत राहून म्हातारपणी गेलेल्या खेळाडूचा मेंदू तपासायला कोण देणार? म्हणून या प्रमाणावरून सगळ्या खेळाडूंचा धोका काढता येत नाही. आणि सीटीई सापडला म्हणून त्या माणसाचं नैराश्य किंवा मृत्यू त्याच्यामुळेच झाला, असंही म्हणता येत नाही. नैराश्याची कारणं अनेक असतात आणि त्यावर उपचार होतात, मेंदूवर मार बसलेल्यांच्या बाबतीतही होतात. आपल्याला सीटीईच असणार, आता काही उपाय नाही, असं धरून बसलेल्या माजी खेळाडूंना डॉक्टर हेच पुन्हा पुन्हा सांगतात.

हीदरच्या निदानानं या सगळ्यात एक नवा प्रश्न उभा केला, तो म्हणजे बायकांचा. कन्कशनवरचं बहुतेक संशोधन पुरुषांवर झालं आहे. ब्रेन बँकांतही पुरुषांचेच मेंदू जास्त. साहजिकच आहे, कारण धडकांचे खेळ व्यावसायिक पातळीवर खेळायची संधीच बायकांना अलीकडे मिळाली. फूटीतली पुरुषांची मोठी स्पर्धा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, महिलांची २०१७ पासून. पण जे थोडं हाती आहे ते सावध करणारं आहे. सारख्याच नियमांनी खेळल्या जाणाऱ्या खेळांत, उदाहरणार्थ फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये, मुलींना कन्कशन मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होतं असं अनेक अभ्यासांत दिसतं, आणि बरं व्हायलाही अनेकदा जास्त दिवस लागतात. मानेचे स्नायू तुलनेनं कमी ताकदीचे असल्यानं तेवढ्याच धक्क्यात डोकं जास्त वेगानं फिरतं, हे एक कारण. दुसरं पेशींच्या पातळीवरचं. पेन्सिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की स्त्रियांच्या चेतापेशींचे तंतू जास्त बारीक असतात, त्यांत सूक्ष्मनलिका कमी असतात आणि तेवढाच ताण दिला तर त्या जास्त तुटतात. प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर होता, मैदानावरच्या खेळाडूंवर नव्हे, हे लक्षात ठेवलं तरी त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

त्यात परिस्थितीची भर. पहिल्या मोसमात महिला खेळाडूंचं मूळ मानधन होतं साडेआठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. बहुतेक जणी नोकरी सांभाळून खेळत. कित्येकींना लहानपणी मुलांसारखं टॅकल करण्याचं, पडण्याचं पद्धतशीर प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. कारण एका वयानंतर मुलींसाठी संघच नसायचे. पुरुष खेळाडू जे वीस वर्षांत शिकत, ते त्यांना मोसमापूर्वीच्या काही आठवड्यांत शिकायचं होतं.

तिकडे आता बरंच काही बदलतं आहे, आणि प्रत्येक बदलामागे कोणाचं तरी नाव आहे. २०२१ पासून, कन्कशन झालेल्या व्यावसायिक फूटीपटूला किमान बारा दिवस खेळता येत नाही. म्हणजे पुढचा सामना सहसा हुकतोच. हौशी आणि शालेय पातळीवर तर नियम आणखी कडक आहे: किमान एकवीस दिवस, आणि त्यातले शेवटचे चौदा दिवस कोणतीही तक्रार नको. लहानांना मोठ्यांपेक्षा जास्त विश्रांती का? कारण वाढता मेंदू सावरायला वेळ घेतो, आणि स्थानिक सामन्याला दर वेळी डॉक्टर हजर नसतो. शेन टकच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं डिसेंबर २०२३ मध्ये आणखी पुढे जाऊन सराव सत्रांतल्या धडका मर्यादित करायला सांगितलं. शिफारस रुक्ष वाटते, पण सगळ्यात उपयोगी कदाचित हीच. सामना आठवड्यातून एक, सराव तीन-चार दिवस. वर्षभराच्या धक्क्यांतला मोठा वाटा सरावातच बसतो, आणि तो कमी केल्यानं तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचं काहीही जात नाही. दरम्यान, जीलाँगचा माजी खेळाडू मॅक्स रूक याच्या नावानं मार्च २०२३ मध्ये संघटनेविरुद्ध सामूहिक दावाही दाखल झाला आहे.

खेळाडूही स्वतःहून थांबू लागले आहेत. मेलबर्न क्लबचा अँगस ब्रेशॉ आधीच्या कन्कशनांमुळे हेल्मेट घालूनच खेळायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये एमसीजीवर प्रतिस्पर्ध्याचा खांदा उडीत त्याच्या डोक्यावर आदळला आणि तो जागीच बेशुद्ध झाला. काही महिन्यांनी स्कॅनमध्ये मेंदूत सूक्ष्म बदल दिसले. डॉक्टरांच्या सल्ल्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ऐन भरात असताना त्यानं खेळ सोडला. त्याच्या नावापुढे १६७ सामने आहेत आणि एक विजेतेपद.

आपल्या वाचकांना कन्कशन हा शब्द ठाऊक झाला तो क्रिकेटमुळे, आणि गंमत म्हणजे हीदरच्याच गावात. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेराच्या मनुका ओव्हलवर, शेवटच्या षटकात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर लागला. जडेजानं षटक पूर्ण खेळून काढलं आणि ४४ धावांवर नाबाद परतला. विश्रांतीत त्याला चक्कर आल्यासारखं वाटू लागलं, म्हणून बदली खेळाडू म्हणून यजुवेंद्र चहल आला, तीन बळी घेऊन सामनावीर ठरला, आणि आपल्याकडे चर्चा रंगली ती ‘हा बदल न्याय्य होता का’ यावर. मार लागल्यानंतरही जडेजा खेळत होता, मग कन्कशन कसलं, असा ऑस्ट्रेलियातल्या अनेकांचा सूर होता. वैद्यकाच्या दृष्टीनं त्यात काहीच विचित्र नव्हतं. कन्कशनची लक्षणं कित्येकदा काही मिनिटांनी, तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. आणि बहुतांश कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही.

हे घरोघरी ठाऊक असायला हवं. कबड्डीत एकमेकांची डोकी आपटली, मूल सायकलवरून पडलं, फुटबॉलमध्ये कोपर लागलं, तर आपल्याकडे डोळ्यांवर पाणी मारून, लिंबू-सरबत पाजून ‘काही नाही झालं, ऊठ’ म्हणण्याची पद्धत आहे. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड किंवा आवाज सहन न होणं, गोंधळल्यासारखं वागणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, नेहमीपेक्षा मंद प्रतिसाद देणं, विनाकारण रडू किंवा राग येणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर त्या दिवशीचा खेळ संपला. पुन्हा उतरू द्यायचं नाही, मग सामना कितीही महत्त्वाचा असो. पहिला हादरा ताजा असताना दुसरा बसला तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते, विशेषतः किशोरवयात. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, हातापायात अशक्तपणा, मानेत तीव्र वेदना, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, जागं करूनही नीट जागं न होणं यांतलं काही झालं तर घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं. सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणजे कन्कशन नाही, असंही समजू नये. स्कॅन रक्तस्राव आणि कवटीची मोड दाखवतो, ताणलेले तंतू नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल आणि टीव्ही कमी, मग हलकं चालणं, अभ्यास, धावणं असं पायरीपायरीनं, आणि धडकेचा खेळ सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

ऑस्ट्रेलियात सध्या जोरदार वाद चालू आहे तो याच्याही आधीच्या पायरीवर. मुलांना टॅकल शिकवायचं कोणत्या वयापासून? सीटीईवर काम करणाऱ्यांपैकी अनेकांचं म्हणणं, चौदा वर्षांपर्यंत धडकेशिवाय खेळवा. चेंडू झेलणं, लाथ मारणं, पळणं, सगळं शिकवा, नुसतं पाडणं तेवढं नको. प्रशिक्षकांचा एक गट म्हणतो की पडायचं कसं हे लहानपणीच नाही शिकवलं तर पुढे मोठ्या अंगाच्या धडकेत जास्त लागेल. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. पण वर्षांचा हिशेब पहिल्या बाजूनं झुकतो. हीदर पाचव्या वर्षी मैदानात उतरली होती.

शेकडो खेळाडूंनी मरणोत्तर मेंदूदानाच्या अर्जांवर सह्या केल्या आहेत, त्यांत अजून खेळत असलेल्या मुलीही आहेत. संशोधकांना त्यांच्याकडून फक्त मेंदू नको आहे. पहिला सामना कोणत्या वयात, कोणते खेळ, किती वर्षं, किती वेळा चक्कर आली आणि किती वेळा ती कोणाला सांगितली नाही, हा सगळा तपशील आत्ताच, आठवतो आहे तोवर, लिहून हवा आहे. हीदरच्या बाबतीत तो तिच्या घरच्यांना आठवून आठवून सांगावा लागला.